कॉर्टिसॉल मोजताना: एका आंतरशाखीय अभ्यासातला माझा अनुभव

मी विश्लेषणात्मक रसायनशास्त्राची अभ्यासक आहे आणि या अभ्यासात सहभागी होईपर्यंत माझे बहुतेक काम औषधांतली अशुद्धी शोधून ती मोजण्याचे होते. घरातल्या दीर्घकाळ आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांवर जो ताण पडतो, त्याचा त्यांच्या शरीरातल्या कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाच्या रोजच्या चढउतारावर काय परिणाम होतो, असा या अभ्यासाचा प्रश्न होता. गटात एक मानसशास्त्रज्ञ, एक अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञ डॉक्टर, एक परिचारिका, एक संख्याशास्त्रज्ञ आणि मी असे पाच जण होतो. माझ्याकडे फक्त लाळेच्या नळ्या येतील, मी आकडे काढून देईन आणि अर्थ इतर लावतील, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. ती टिकली नाही, आणि ती कशी गेली तेच मला इथे नोंदवायचे आहे.

कॉर्टिसॉल हे मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यकात, म्हणजे बाहेरच्या थरात, तयार होणारे संप्रेरक आहे. मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीकडून आलेल्या आदेशानुसार ते स्रवते, पहाटे वाढत जाते, सकाळी सर्वांत वर असते आणि मग दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली येते. या मोठ्या लयीवर सकाळी आणखी एक छोटी उसळी चढते: जाग आल्यानंतर साधारण ३० ते ४५ मिनिटांत कॉर्टिसॉल झपाट्याने वाढते आणि मग उतरू लागते. ताणाचा अभ्यास करणाऱ्यांना या उसळीत फार रस असतो. रक्तातले बहुतांश कॉर्टिसॉल प्रथिनांना बांधलेले असते, पण लाळेत उतरते ते मोकळे कॉर्टिसॉल; शिवाय लाळ द्यायला सुई टोचावी लागत नाही आणि ती घरच्या घरी, अंथरुणावर बसून देता येते. म्हणून आम्ही प्रत्येक सहभागीकडून जाग येताच एक, मग १५, ३० आणि ४५ मिनिटांनी एकेक आणि रात्री झोपण्यापूर्वी एक, अशा पाच नळ्या घ्यायचे ठरवले. कृत्रिम धाग्याची छोटी वळकटी तोंडात धरायची, ती भिजली की नळीत टाकायची आणि झाकण लावायचे, इतकी ती कृती सोपी होती. निदान कागदावर तरी.

पहिल्या दोन बैठका आम्ही एकमेकांचे शब्द समजून घेण्यात घालवल्या. ‘आपला नमुना लहान आहे,’ असे संख्याशास्त्रज्ञ म्हणाले तेव्हा मी लगेच सांगितले की मला अर्धा मिलिलिटर लाळ पुरेशी आहे. ते माणसांच्या संख्येबद्दल बोलत होते. ‘कंट्रोल’ म्हणजे माझ्यासाठी ज्ञात प्रमाणाचा तपासणी-नमुना. मानसशास्त्रज्ञ मॅडमसाठी शुश्रूषा न करणाऱ्यांचा तुलनेचा गट. शेवटी आम्ही एका वहीत अशा शब्दांचे अर्थ लिहून काढले आणि माझ्या मते त्या वहीइतका उपयोग दुसऱ्या कोणत्याही दस्तऐवजाचा झाला नाही.

एथिक्स कमिटीने विचारलेला एक प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता: एखाद्याचे रात्रीचे कॉर्टिसॉल फारच जास्त आले तर तुम्ही त्या व्यक्तीला सांगणार की नाही? रात्री उशिराच्या लाळेतले कॉर्टिसॉल ही कुशिंग सिंड्रोमची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल दीर्घकाळ जास्त राहिल्याने होणाऱ्या विकाराची, प्राथमिक चाचणी म्हणूनही वापरली जाते, त्यामुळे ‘हे फक्त संशोधन आहे’ असे म्हणून हात झटकता येणार नव्हते. डॉक्टर मॅडमनी त्यासाठी वेगळी कार्यपद्धती लिहिली, संमतीपत्रकात एक परिच्छेद वाढला आणि परवानगी मिळाली.

मोजण्याच्या पद्धतीबाबत मी आग्रही राहिले. प्रतिपिंडांवर आधारलेली तयार किट वापरणे सोपे आणि स्वस्त होते. पण प्रतिपिंड रेणूचा आकार ओळखते, आणि कॉर्टिसॉलसारख्या आकाराचे रेणू लाळेत असतातच. लाळग्रंथीतले एक विकर कॉर्टिसॉलचे रूपांतर कॉर्टिसोनमध्ये करत असते, त्यामुळे लाळेत कॉर्टिसोन हे कॉर्टिसॉलपेक्षा बरेच जास्त सापडते. त्यात कोणी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड औषध घेत असेल तर गोंधळ आणखी वाढतो. म्हणून मी द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांची जोड निवडली: पहिली एका कॉलममधून, म्हणजे बारीक नळीतून, रेणू वेगवेगळे करते, दुसरी ते वस्तुमानावरून ओळखते. त्यात कॉर्टिसॉलचा आयन, म्हणजे विद्युतभारित रेणू, ३६३ या वस्तुमानावर दिसतो आणि फोडल्यावर १२१ चा तुकडा देतो. कॉर्टिसोनचा आयन ३६१ वर येतो आणि १६३ चा तुकडा देतो. प्रेडनिसोलोन आणि कॉर्टिसोन यांचे रेणुसूत्र मात्र एकच आहे, २१ कार्बन, २८ हायड्रोजन आणि ५ ऑक्सिजन, त्यामुळे नुसत्या वस्तुमानावरून ते वेगळे ओळखता येत नाहीत. कॉलममधून त्यांना वेगवेगळ्या वेळी बाहेर काढावे लागते. आलेखावरच्या त्यांच्या दोन शिखरांमध्ये स्वच्छ अंतर पडेपर्यंत मी विद्रावकांचे प्रमाण कितीदा बदलले याची नोंद माझ्या प्रयोगवहीत आहे, आणि ती पाने मला आजही प्रिय आहेत. दुसरी अडचण अशी की कॉर्टिसॉल नसलेली मानवी लाळ मिळतच नाही. मग सक्रिय कोळशाने संप्रेरके शोषून घेतलेली लाळ तयार करून तिच्यावर प्रमाणरेषा, म्हणजे ज्ञात प्रमाणांवरून मोजमाप ठरवणारी रेषा, काढली, आणि प्रत्येक नमुन्यात चार ड्युटेरियम (जड हायड्रोजन) अणू असलेले कॉर्टिसॉल ज्ञात प्रमाणात मिसळले, म्हणजे प्रक्रियेत काही गळाले तर त्याचा हिशेब लागावा.

पद्धत तयार झाली, चाचणी टप्प्यातल्या नळ्या आल्या, आणि आकडे पाहून मी खचले. बऱ्याच सहभागींमध्ये सकाळची उसळीच नव्हती. काहींमध्ये पहिलीच नळी सर्वांत वरची होती. यंत्र पुन्हा तपासले, तपासणी-नमुने पुन्हा चालवले, सगळे जागेवर होते. मानसशास्त्रज्ञ मॅडमनी तेव्हा दुसरी नोंद पुढे ठेवली. वळकट्या ठेवलेल्या डबीच्या झाकणात ती उघडल्याची वेळ टिपणारे घड्याळ होते आणि सहभागींना त्याची कल्पनाही दिलेली होती. कागदावरच्या वेळा सहा, सव्वासहा, साडेसहा अशा गोल होत्या. झाकणाच्या वेळा तशा नव्हत्या. माझ्या तोंडून निघाले, ‘म्हणजे यांनी खोटे लिहिले.’ त्यावर मॅडम शांतपणे म्हणाल्या, ‘आपण त्यांना काय विचारले होते ते एकदा वाचा.’

आमच्या सूचनापत्रकात लिहिले होते: ‘जाग येताच पहिली नळी घ्यावी.’ ज्यांना रात्रीतून तीन-चार वेळा उठून रुग्णाची कूस बदलावी लागते, त्यांनी यातली कोणती जाग धरायची? कोणी पहाटे चारची धरली आणि पुन्हा झोपल्यावर उरलेल्या नळ्या सातनंतर घेतल्या. कोणी रुग्णाचे सगळे आवरून, निवांत बसल्यावर पहिली नळी घेतली, म्हणजे उसळी अर्धी होऊन गेल्यानंतर. या उसळीचे मोजमाप असे आहे की पहिल्या नळीला पाच मिनिटांहून जास्त उशीर झाला तरी चित्र बदलू लागते, आणि नेमक्या ज्यांच्या सकाळी सर्वांत विस्कळीत, त्यांनाच आम्ही ही काटेकोर वेळ पाळायला सांगत होतो. चूक त्यांची नव्हती, आमच्या वाक्याची होती. शुश्रूषा करणाऱ्याची रात्र कशी असते हे आमच्यापैकी फक्त परिचारिका ताईंना माहीत होते, आणि सूचनापत्रक लिहिताना आम्ही त्यांनाच बोलावले नव्हते. याचे मला आजही वाईट वाटते.

याच टप्प्यात एक नमुना असा आला की त्यातले कॉर्टिसॉल माझ्या प्रमाणरेषेच्या कितीतरी वर गेले. विरल करून पुन्हा मोजले, तरी तेच. डॉक्टर मॅडमना काळजी वाटली आणि त्यांनी ठरलेल्या कार्यपद्धतीची फाइल उघडली. पण माझ्या पडद्यावर शेजारचे शिखर साधेच होते: कॉर्टिसोन इतर दिवसांइतकेच होते. कॉर्टिसॉल शरीरातून आले असते तर लाळग्रंथीतून येताना त्याचा मोठा भाग कॉर्टिसोन झाला असता आणि ते शिखरही सोबत वाढले असते. म्हणजे हे कॉर्टिसॉल ग्रंथीतून आलेलेच नव्हते, ते बाहेरून पडले होते. कुठून, ते मला प्रयोगशाळेत बसून कळणे शक्य नव्हते.

परिचारिका ताई त्या सहभागीच्या घरी गेल्या आणि त्यांनी एकच विनंती केली: ‘उठल्यापासून काय काय करता, ते मला करून दाखवा.’ त्या बाई उठल्या, रुग्णाच्या पाठीवरच्या पुरळावर मलम चोळले, बोटे कापडाला पुसली आणि त्याच बोटांनी डबी उघडून वळकटी उचलली. मलम हायड्रोकॉर्टिसोनचे होते. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे कॉर्टिसॉलच, औषध म्हणून दिलेले दुसरे नाव. रेणू तोच, वस्तुमान तेच, शिखराची जागा तीच. माझे मास स्पेक्ट्रोमीटर त्या दोघांत फरक करू शकले नसते. कॉर्टिसोनच्या गुणोत्तराने शंका दाखवली आणि ताईंनी तिचे उत्तर शोधले. तो दिवस मी विसरणार नाही.

त्यानंतर सूचनापत्रक आम्ही पाचही जणांनी एकत्र बसून नव्याने लिहिले. पहिली ओळ हात साबणाने धुण्याची झाली. धुण्यात जाणारी दोन मिनिटेही वेळेत धरली. दूध तासभर आधी घेऊ नये ही सूचना कारणासह दिली, कारण गाईचे आणि माणसाचे कॉर्टिसॉल रासायनिकदृष्ट्या एकच आहे. ‘जाग’ या शब्दाऐवजी ‘आज पुन्हा झोपायचे नाही असे ठरवून तुम्ही उठलात ती वेळ’ असे लिहिले आणि रात्री किती वेळा उठावे लागले याची वेगळी चौकट ठेवली. कोणता नमुना कोणत्या कारणाने वगळायचा याचे नियम, कॉर्टिसोनच्या गुणोत्तरासह, मुख्य टप्पा सुरू होण्याआधीच नोंदवून टाकले, म्हणजे निकाल पाहून नमुने गाळण्याचा मोह कोणालाच होऊ नये. ताणाच्या मोजमापासाठी १९८३ मध्ये शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रश्नावलीची दहा प्रश्नांची आवृत्ती तशीच ठेवली. तिच्यातल्या चार प्रश्नांचे गुण उलटे मोजावे लागतात, आणि ते काम मी आवर्जून मागून घेतले, कारण मला आता ती उत्तरे वाचायची होती.

मुख्य टप्प्यातली पहिली पेटी आली तेव्हा नळ्या उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवण्याआधी मी सोबतचा कागद वाचला. दुसऱ्या नळीसमोर वेळ होती ५ वाजून ५८ मिनिटे, आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिले होते: ‘सहा मिनिटे उशीर. आईंना उलटी झाली.’ झाकणाच्या घड्याळातही ५:५८ होते. मी तक्त्यात १५ खोडून २१ लिहिले आणि शेरा जसाच्या तसा उतरवून घेतला.