तयार पॅटर्नवरून ड्रेस: आतापर्यंतच्या नोंदी

ड्रेस जवळजवळ झालाय, फक्त खालची दुमड बाकी आहे. कमरेला जोड, छातीला आडवे टक्स (आकार येण्यासाठी शिवलेल्या निमुळत्या चुण्या), बसवलेली बाही, मागे लपणारी चेन आणि खाली अर्धवर्तुळाचा घेर. कापड मध्यम जाडीचं कॉटन, सुई 80 नंबरची. एरवी मी पॅटर्न, म्हणजे कापड बेतायचे कागद, स्वतःच काढते, तयार पॅटर्न घेऊन शिवायची ही पहिलीच वेळ. कुणी सुरुवात करणार असेल तर उपयोग व्हावा म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो साइज ठरवण्यात, आणि तो तसाच जायला हवा. दुकानातल्या कपड्यांच्या साइजशी पॅटर्नच्या साइजचा काही संबंध नसतो. पॅटर्नवर दोन प्रकारची मापं असतात: अंगाची आणि तयार कपड्याची. दोन्हींतला फरक म्हणजे त्यात ठेवलेलं लूजिंग, म्हणजे मोकळेपणासाठीची जागा. पॅटर्नवरच्या चित्रातला ड्रेस अंगासरशी दिसतो, पण आकडे पाहिले की तो किती ढगळ होणार ते लगेच कळतं.

त्यापुढचा प्रश्न छातीचा. मोठ्या कंपन्यांचे बहुतेक पॅटर्न बी कप धरून काढलेले असतात, म्हणजे काखेतून वरच्या बाजूने घेतलेलं माप आणि भरलेल्या छातीचं माप यांत साधारण 5 सेंमी फरक. माझं वरचं माप 86 आणि छाती 96. छातीवरून साइज घेतली असती तर खांदे उतरले असते आणि गळा उघडा पडला असता. म्हणून 91 छातीची साइज घेतली आणि कमी पडणारे 5 सेंमी पुढच्या भागात वाढवले. पुढचा कागद अर्धाच असतो, म्हणून त्यात 2.5. छातीच्या टोकाच्या खुणेपासून एक काप खाली कमरेपर्यंत, तिथूनच वर मुंढ्याच्या (बाही जोडायच्या गोलाईच्या) शिवणीपर्यंत, आणि एक काप टक्सच्या मधून. मुंढ्याशी कागद बिजागरीसारखा जोडलेला ठेवायचा आणि बाकीचा सरकवायचा. टक्स रुंद होतो आणि पुढची लांबीही वाढते, त्यामुळे मध्यभागाकडचा तुकडा तेवढाच खाली सरकवून कमरेची रेष जुळवावी लागते. वाचताना अवघड वाटतं, कागद हातात घेतला की समजतं.

यानंतर जुन्या चादरीचा कच्चा नमुना, फक्त वरचा भाग आणि एक बाही. तो टाळू नका. माझ्या नमुन्यात कंबर हवी त्यापेक्षा खाली आली. ती कमी करायची तर पॅटर्नवर जी लांबी कमी-जास्त करायची रेष असते, तिथेच घडी घालायची. खालून कापलं की कमरेचा आकारच बिघडतो.

घरी छापायचा पॅटर्न असेल तर आधी फक्त चाचणीचा चौकोन (त्याचं माप दिलेलं असतं) असलेलं पान काढा आणि पट्टीने मोजा. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू राहिला तर सगळे तुकडे लहान निघतात.

कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करूनच बेतलं. कॉटन आटतंच. पॅटर्नवरचा उभ्या धाग्याचा बाण दोन्ही टोकांपासून काठापर्यंत मोजायचा, दोन्ही अंतरं सारखी आली पाहिजेत. या बाबतीत नजरेवर माझा अजिबात विश्वास नाही.

मायेचं, म्हणजे शिवणीबाहेर सोडायच्या जादा कापडाचं, माप प्रत्येक पॅटर्नचं वेगळं. पाकिटात मिळणाऱ्यांत बहुधा 1.5 सेंमी, छोट्या डिझायनरांकडे बरेचदा 1 सेंमी, आणि काहींत माया धरलेलीच नसते. कात्री घेण्याआधी हे वाचा.

गळा कापल्या कापल्या मायेच्या आत एक साधी टीप मारून घ्यायची. गळ्याची गोलाई काही ठिकाणी उरेब (धाग्याला तिरकी) पडते आणि नुसतं हाताळण्यानेही ताणली जाते. सूचनापत्रकात ही पायरी असतेच, आणि ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणत ती गाळलीही जाते.

टक्सच्या टोकाला उलट टीप मारायची नाही. दोरे लांब सोडून गाठ मारायची, म्हणजे टोकाला फुगा येत नाही. इस्त्री गुंडाळलेल्या टॉवेलवर, टक्स खाली पाडून. बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा मोठा असतो, त्यात गडबड नाही. पॅटर्नवरच्या जुळवणीच्या खुणांत एक खाच पुढची, दोन खाचा मागच्या; वरच्या भागात लांब टाक्याच्या दोन टिपा मारून दोरे हलके ओढायचे. चुण्या दिसू न देता जास्तीचं कापड जिरवायचं. चेनबद्दल एवढंच, की तिचे दात इस्त्रीने आधी उघडून घ्या आणि तिचा खास फूट वापरा.

एका ठिकाणी मी सूचनापत्रक बाजूला ठेवलं. त्यात बाजूच्या शिवणी आधी आणि बाही नंतर आहे. पण मला फिटिंग शेवटपर्यंत हातात हवं होतं, म्हणून बाजू आधी कच्च्या धावदोऱ्याने जोडून अंगावर पाहिल्या आणि मगच मशीनवर घेतल्या. (आणि खिसे. पॅटर्नमध्ये नव्हते, मी घातले. खिसे नसलेला ड्रेस कोण काढतं देव जाणे.)

आता ड्रेस हँगरला एक दिवस-रात्र लटकणार. अर्धवर्तुळ घेरात उरेबचा भाग कापडाच्या वजनाने खाली उतरतो, त्यामुळे आजच दुमडला तर पुढच्या आठवड्यात घेर खालीवर दिसेल. उद्या अंगात घालून जमिनीपासून सारख्या उंचीवर खडूच्या खुणा करून घेईन. ते काम एकटीने होत नाही. दुमड अरुंदच ठेवणार, गोलाईला रुंद दुमड नीट बसत नाही. दुरुस्त केलेला पॅटर्न जाड कागदावर उतरवून ठेवलाय. पुढचा ड्रेस याच पॅटर्नवर, व्हिस्कोसचा. ते कापड जास्त लोंबतं, म्हणून खांद्याच्या शिवणीत बारीक पट्टी घालणार आहे.