वीज आल्यावर चालू न होणारे डीएनएसमास्क

देवगडला आमच्या आंब्याच्या पेढीत बिलिंगचे संगणक आणि प्रिंटर एकमेकांना नावाने शोधतात. त्या नावांचे आयपी पत्ते सांगण्याचे काम एका छोट्या लिनक्स सर्व्हरवरील डीएनएसमास्क करते. पावसाळ्यात तारांवर माडाची झावळी पडली की वीज जाते, इन्व्हर्टरही रात्रभर पुरत नाही, आणि वीज परत आली तरी डीएनएसमास्क बंदच राहते. हाताने चालू केले, तर मात्र ते विनातक्रार चालू होते.

अशा वेळी पहिला संशय पोर्ट ५३ वर, म्हणजे नावांबद्दलचे प्रश्न जिथे येतात त्या ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर जातो. उबुंटू लिनक्समध्ये नावे शोधणारे सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड १२७.०.०.५३ या पत्त्यावर तेच पोर्ट धरून बसलेले असते आणि बरेच जण नोंदी न वाचताच ते बंद करून टाकतात. तसा संघर्ष असता, तर ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ असा संदेश आला असता. नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएल या आज्ञेने दाखवलेली ओळ निराळी होती: ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’. म्हणजे पोर्ट कोणी अडवलेले नव्हते. ज्या पत्त्यावर ऐकायचे, तो पत्ताच सर्व्हरला अजून मिळालेला नव्हता.

वीज येताच सर्व्हर आणि नेटवर्क स्विच एकदमच सुरू होतात, परंतु स्विचला जागे व्हायला अधिक वेळ लागतो, आणि केबलवर लिंक नसेल तर नेटवर्कची जुळणी करणारे सिस्टमडी-नेटवर्कडी स्थिर पत्तासुद्धा लावत नाही. तेवढ्यात डीएनएसमास्क सुरू होऊन, सेटिंगमध्ये ‘बाइंड-इंटरफेसेस’ (सुरू होतानाच ठरलेल्या पत्त्यांना जोडून घेण्याची सूचना) असल्यामुळे, पत्ता न सापडताच बंद पडते. त्याची ‘टेस्ट’ आज्ञा येथे निरुपयोगी आहे, कारण ती फक्त सेटिंगची वाक्यरचना तपासते आणि ती निर्दोषच होती.

सेवेला ‘नेटवर्क-ऑनलाइन’ टार्गेटनंतर, म्हणजे नेटवर्क तयार होण्याची वाट पाहून सुरू करावे, हा नेहमीचा सल्ला मला अपुरा वाटतो. ती वाट पाहण्याची मुदत मुळात १२० सेकंदांची असते. स्विचचा अ‍ॅडॅप्टरच जळालेला असेल (दमट हवेत तेही नवल नाही), तर मुदत संपल्यावर पुन्हा तेच रडगाणे. त्याऐवजी मी ‘बाइंड-इंटरफेसेस’ काढून ‘बाइंड-डायनॅमिक’ लिहिले. त्यामुळे पत्ता नसला तरी डीएनएसमास्क चालू राहते आणि पत्ता आला की त्यावर ऐकू लागते. स्विचची पिन काढून सर्व्हर रीबूट केला, तेव्हा सेवा ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसली. पिन परत लावल्यावर थोड्याच वेळात प्रिंटरचे नाव सापडू लागले.