सकाळी हॉर्न कुरकुरला, संध्याकाळी गाडी घाटात बंद

मोटरसायकलवरचा तीन दिवसांचा एकट्याचा प्रवास होता, त्यातला हा दुसरा दिवस. सहा वाजून गेले होते. घाट चढताना हेडलाइट पिवळट दिसायला लागला. धुकं असेल असं वाटलं. मग मीटरचे आकडे लुकलुकले, इंजिन दोनतीनदा अडखळलं आणि गाडी बंद पडली. सेल्फ दाबला तर नुसतं टक टक टक.

गाडी नेमकी वळणात थांबली होती. आधी पुढचा ब्रेक धरत धरत तिला हळूहळू मागे सरकवत लांबून दिसेल अशा रुंद जागेवर आणली. बिघाड काय आहे ते बघण्याआधी हे करा. अंधारात वळणावर उभी असलेली गाडी मागून येणाऱ्याला फार उशिरा दिसते. चमकणारं जॅकेट अंगावर चढवलं, डोक्याला टॉर्च लावला आणि मग सीट काढली.

मी नेहमी सोपं आधी तपासतो: किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण), साइड स्टँडचा स्विच, पेट्रोल, फ्यूज, बॅटरीचे टर्मिनल. सगळं ठीक होतं. मागे उतार होता म्हणून गाडी फिरवून उतारावर सोडली आणि गिअरमध्ये टाकून बघितली, तरी चालू झाली नाही. फ्यूएल इंजेक्शनच्या गाडीत टाकीतला पेट्रोलचा पंप आणि ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, विजेवरच चालतात. बॅटरी पार बसली की धक्का मारून दम घालवू नका. जुन्या कार्बोरेटरवाल्या गाड्या अशा वेळी बऱ्याचदा चालू होतात.

बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावला तर १०.९ व्होल्ट. चांगली चार्ज झालेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. वायरी चाचपत रेग्युलेटरपर्यंत, म्हणजे इंजिनातून येणारी वीज बॅटरीला योग्य व्होल्टने देणाऱ्या डबीपर्यंत गेलो आणि कारण हाताला लागलं: त्याच्या कपलरमधली, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमधली, एक पिन काळी पडली होती, भोवतीचं प्लास्टिक वितळलं होतं. पिन सैल झाली की तिथला रोध वाढतो, जागा तापते, तापून आणखी सैल होते. म्हणजे दिवसभर बॅटरीत पुरेसं परत जात नव्हतं आणि शेवटी इंजिन बॅटरीवरच चाललं होतं.

मला खरी चुटपुट लागली ती सकाळची. निघताना हॉर्न बारीक वाजला होता, मीटरमधलं घड्याळ शून्यावर गेलं होतं. रात्रीच्या पावसाचं पाणी गेलं असेल म्हणून मी दोन्हीकडे काणाडोळा केला. तेव्हाच मल्टिमीटर लावला असता, तर वीस मिनिटांत उजेडात काम झालं असतं. इंजिन चालू ठेवून, रेस थोडी वाढवून बॅटरीवर मोजा: साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. तेराच्या खाली राहिले तर चार्जिंग होत नाही, पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलाय.

तासाभराने एक टेम्पोवाले दादा थांबले आणि त्यांनी गाडी वर घेतली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. गाडी टेम्पोत चढवली की साइड स्टँडवर सोडू नका. पहिला गिअर टाका, पुढचं चाक फळीला टेकवा आणि दोन्ही बाजूंनी पट्टे ओढून पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर थोडे दाबले जातील असं बांधा. दोरीने टोचन करायचा पर्याय होता, पण अंधारात, घाटात ते मी कधीच करणार नाही.

रात्रभर बॅटरी चार्जरवर ठेवली. सकाळी जळका कपलर कापून टाकला, वायरी एकेक करून लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे) दाबून जोडल्या, वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवली. इंजिन चालू करून मोजलं: १४.१.

तुम्ही अडकलात आणि वायर जोडणं जमलं नाही, पण चार्ज केलेली बॅटरी मिळाली, तर दिवसाउजेडी हेडलाइटचा फ्यूज काढून निघा. ५५ वॅटचा दिवा एकटाच साडेचार अँपिअर खातो. जवळच्या मेकॅनिकपर्यंत जा, आणि मध्ये इंजिन बंद करू नका, कारण सेल्फलाच सगळ्यात जास्त करंट लागतो.

माझ्या पिशवीत आता मल्टिमीटरसोबत दोन मीटर जाड वायर, लग, पक्कड आणि फ्यूज असतात. क्लचची जादा केबल मी जुन्या केबलला लागूनच ओवून ठेवलीय, तुटली तर फक्त टोकं बदलायची.