डबा हलवला, आता तेच पान ठेवायचं की नवं उघडायचं?

ओढ्याकाठची वाट पावसात खचली आणि माझ्या जिओकॅशची, म्हणजे कोऑर्डिनेट्स (अक्षांश-रेखांश) घेऊन इतरांनी शोधावा म्हणून लपवलेल्या डब्याची, जागा निकामी झाली. डबा जुन्या दगडी भिंतीच्या फटीत शाबूत होता, पण त्याच्यापर्यंत जायचं तर ढासळलेल्या कडेवरून जावं लागणार होतं. तिथे कोणाला पाठवायची माझी तयारी नव्हती. कळलं त्याच दिवशी जिओकॅशिंगच्या साइटवरचं त्याचं पान डिसेबल केलं आणि वर लिहिलं: वाट धोक्याची आहे, शोधायला येऊ नका, नवी जागा बघतो आहे. डिसेबल करणं ही थोड्या दिवसांची सोय असते. साधारण चार आठवड्यांत काही हालचाल दिसली नाही, तर पानं तपासणारे रिव्ह्यूअर विचारणा करतात आणि उत्तर आलं नाही, तर पान आर्काइव्हही, म्हणजे कायमचं बंदही, करू शकतात. म्हणून ऊन पडताच निघालो.

सोबत एक मैत्रीण होती. तिने हा डबा पूर्वी शोधला होता, म्हणूनच तिला मुद्दाम बोलावलं. मालकाला आजूबाजूची सगळीच जागा ओळखीची असते, त्यामुळे काय बदललं हे त्याला चटकन जाणवत नाही. शोधून गेलेल्या माणसाला ते लगेच कळतं. हातातला जीपीएस, फोन, कोरं लॉगबुक (सह्यांची वही), जास्तीचा डबा आणि शोधून गेलेल्यांनी पानावर लिहिलेल्या जुन्या नोंदी फोनमध्ये उतरवून, एवढं बरोबर घेतलं. नोंदी आवर्जून घ्या. नव्या जागेवर उभं राहून त्या वाचायच्या असतात.

पहिलं काम जुना डबा काढण्याचं. पाणी ओसरलं होतं, त्यामुळे पलीकडच्या काठाने पात्रात उतरून भिंतीपाशी जाता आलं. ‘नवी जागा ठरली की बघू’ म्हणून हे मागे ठेवू नका. जुने कोऑर्डिनेट्स यंत्रात उतरवून घेतलेले लोक पुढे बराच काळ येत राहतात. त्यांना जुनाच डबा मिळाला, तर ते त्यात सही करतात, आणि मग खरा डबा कोणता यावर वाद सुरू होतो. डब्यात एक ट्रॅव्हल बगही (एका डब्यातून दुसऱ्यात फिरणारी, नंबर असलेली वस्तू) होता, तो सोबत घेतला.

आता पहिली संभाव्य जागा. तीच दगडी भिंत ओढ्याच्या खालच्या अंगाला पुढे जाते आणि तिकडची वाट सुरक्षित आहे. पानावरच्या कोऑर्डिनेट्सपासून अंतर मोजलं तर १२० मीटरच्या आसपास भरलं. इथे लक्षात ठेवायचा आकडा १६१ मीटर, म्हणजे ५२८ फूट, मैलाचा दहावा भाग. एवढ्या अंतरातला बदल मालक स्वतः ‘अपडेट कोऑर्डिनेट्स’ ही नोंद टाकून करू शकतो. त्यापलीकडे रिव्ह्यूअरला लिहावं लागतं, आणि बहुतेक वेळा नवं पान करा असंच सांगितलं जातं. उत्तर-दक्षिण दिशेत मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे सुमारे १.८५ मीटर, म्हणून १६१ मीटर म्हणजे जवळजवळ ०.०८७ मिनिट. हा हिशोब डोक्यात असला की नकाशा न उघडताही अंदाज बांधता येतो. पूर्व-पश्चिम दिशेत मात्र तो तसाच चालत नाही, कारण विषुववृत्तापासून दूर जावं तसं रेखांशांमधलं अंतर कमी होत जातं. झाडीखाली यंत्राचा आकडा हलत राहतो. त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने, वेगवेगळ्या बाजूंनी जागेपाशी येऊन वाचनं घ्या आणि त्यांची सरासरी काढा.

पण १६१ मीटरच्या आत बसलं म्हणजे प्रश्न सुटला, असं मी मानत नाही. तो नियम मालकाच्या हाताला किती मोकळीक आहे तेवढंच सांगतो. खरा प्रश्न असा, की जुन्या नोंदी इथे उभं राहून वाचल्या तर त्या अजून खऱ्या वाटतात का? आम्ही तेच केलं. ओढ्याचा आवाज, शेवाळलेले दगड, भिंतीतल्या फटी एकेक करून चाचपणं, लहान मुलांना घेऊन सहज येता येणं, हे सगळं नोंदींमध्ये होतं आणि आमच्यासमोरही होतं. मैत्रीण म्हणाली, “जागा सरकली आहे, डबा तोच आहे.” डिफिकल्टी (शोधण्याची अवघडता) दीड, टेरेन (वाटेची अवघडता) दोन, दोन्ही बदलायची गरज नव्हती. फक्त हिंट नवी लिहायची आणि वर्णनातला वाटेचा परिच्छेद दुरुस्त करायचा. हे अगदी सरळ अपडेटचं प्रकरण होतं. जागा थोडीच सरकत असली तरी परवानगी मात्र नव्याने घ्यावी लागते, कारण भिंतीचं ते टोक दुसऱ्याच्या जमिनीत असू शकतं.

तिथूनच रिव्ह्यूअरला लिहिलं. उत्तर आलं, की ही जागा दुसऱ्या एका कॅशच्या लपलेल्या टप्प्याला फार जवळ पडते. दोन वेगवेगळ्या कॅशच्या प्रत्यक्ष ठेवलेल्या डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं. त्यात मल्टी (अनेक टप्प्यांच्या) आणि मिस्टरी (कोड्याच्या) कॅशचे नकाशावर न दिसणारे टप्पेही मोजले जातात, ते फक्त त्यांच्या मालकाला आणि रिव्ह्यूअरला दिसतात. त्यामुळे जागा कितीही मोकळी दिसो, डबा ठेवण्याआधी विचारून घ्या. रिव्ह्यूअर स्वयंसेवक असतात. नेमके कोऑर्डिनेट्स आणि कारण एकदाच, नीट लिहून पाठवलं तर त्यांचंही काम हलकं होतं.

मग दुसऱ्या जागेकडे निघालो. ती वरच्या सोंडेवर, खडकाळ चढ चढून, जुन्या जागेपासून अर्ध्या किलोमीटरहून दूर आहे. चढताना काही ठिकाणी हात टेकावे लागले. वर एका मोठ्या खडकाखाली कोरडी कपार आहे आणि तिथून सगळं खोरं दिसतं. जागा म्हणून जुनीपेक्षा सरस, हे आम्हा दोघांनाही पटलं. आणि इथेच मन डळमळतं. जुन्या पानावर फेव्हरिट पॉइंट होते, मनापासून लिहिलेल्या लांबलचक नोंदी होत्या. रिव्ह्यूअरला विनंती केली आणि त्यांनी मान्य केली, तर हे सगळं नव्या जागेवर घेऊन जाता येईल असं वाटतं. पुन्हा नोंदी काढल्या. ओढा नाही, भिंत नाही, आणि मुलांना घेऊन सहज येणं तर दूरच. मैत्रीण वर पोचल्यावर म्हणाली, “हे मी अजून शोधलेलंच नाही.” माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला.

फेव्हरिट पॉइंट ही त्या विशिष्ट शोधाला मिळालेली दाद असते. प्रीमियम सदस्याला दहा शोधांमागे एकच पॉइंट देता येतो, आणि ज्यांनी तो ओढ्याकाठच्या सावलीला दिला, त्यांच्या नावावर खडकाळ चढाची शिफारस खपवणं मला मान्य नाही. टेरेन दोनवरून साडेतीनवर नेलं, तर पूर्वी शोधून गेलेल्यांच्या आकडेवारीतही तो बदल उमटतो. डिफिकल्टी-टेरेनच्या ८१ जोड्यांच्या चौकटी शोधांनी भरणाऱ्या माणसाचा भरलेला चौकोन त्यामुळे अचानक रिकामा होऊ शकतो. शिवाय एका पानावर ‘सापडला’ ही नोंद एकदाच करायची असते. म्हणजे माझी मैत्रीण हा चढ चढून आली, तरी जुन्या पानावर तिला त्याचं श्रेय मिळणार नाही.

मी स्वतः लावतो ती कसोटी अशी: पोचण्याची वाट, शोधण्याची पद्धत आणि तिथे जे बघायला नेलं ते, या तिन्हींपैकी दोन टिकत असतील तर अपडेट. एकच उरत असेल, तर १६१ मीटरच्या आत असूनही नवं पान. कॅशचा प्रकार बदलत असेल, म्हणजे साध्या, एकाच डब्याच्या ट्रॅडिशनलची मल्टी होत असेल, तर विचार करायचं कारणच नाही, कारण प्रसिद्ध झाल्यावर मालकाला प्रकार बदलता येत नाही. आणि अपडेटचे छोटे छोटे टप्पे करत डबा दूर सरकवत नेणं मला अप्रामाणिक वाटतं.

पानावरची जुनी तारीख टिकवण्याचा मोह समजण्यासारखा आहे. महिन्यांची जॅस्मर चौकट, म्हणजे मे २००० पासूनच्या प्रत्येक महिन्यात ठेवलेली एकतरी कॅश शोधणं, पूर्ण करणारे लोक २००० सालच्या कॅशसाठी दूरदूरचे प्रवास करतात. कॅन्ससमधली मिंगो ही कॅश ११ मे २००० पासून चालू आहे, आणि डबा बदलावा लागूनही लोक तिला तीच कॅश मानतात, कारण जागा तीच आहे. उलट ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगॉनमध्ये ठेवलेली पहिलीवहिली कॅश, एक बादली, गेली, तेव्हा त्या जागी स्मृतिफलक आला आणि त्याला स्वतःचा वेगळा जीसी कोड (पानाचा क्रमांक) मिळाला. सगळ्यात जुन्या नावालाही नवं पान चाललं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

नवं पान करायचं ठरलं, तर क्रम सांभाळा. आधी परवानगी. मग पान तयार करून कोऑर्डिनेट्स भरा आणि रिव्ह्यूअरसाठीच्या टिपणात जुन्या पानाचा कोड देऊन बदलाचं कारण लिहा. नवी जागा जुनीच्या १६१ मीटरच्या आत असेल, तर जुनं पान आधी बंद झाल्याशिवाय नवं प्रसिद्ध होत नाही. तेव्हा घाईने स्वतः आर्काइव्ह करून टाकू नका. मधल्या काळात ती जागा दुसऱ्या कोणाला मोकळी दिसते. नवं पान सादर करा आणि जुनं त्याच वेळी बंद करण्याची विनंती टिपणातच करा. माझ्या बाबतीत अंतर भरपूर होतं, त्यामुळे ही अडचण आली नाही. ट्रॅव्हल बग आधी जुन्या पानावरून उचलल्याची नोंद करा आणि नवं पान उघडल्यावर तिथे ठेवल्याची, नाहीतर तो बंद पानाच्या यादीत अडकून राहतो.

अपडेटच करत असाल, तर वर्णनाच्या पहिल्या ओळीत बदलाची तारीख टाका, कारण जुनी ऑफलाइन यादी घेऊन निघालेल्यांना ती उपयोगी पडते. मिस्टरी कॅशमध्ये आणखी एक काळजी घ्यावी लागते. कोडं आधीच सोडवलेल्यांनी उत्तर ‘करेक्टेड कोऑर्डिनेट्स’ म्हणून जपलेलं असतं आणि तुम्ही शेवटची जागा बदलली, तरी त्यांच्याकडचा आकडा बदलत नाही. उत्तर तपासायची सोय आणि शेवटचा वेपॉइंट (डब्याची खरी जागा) एकाच बैठकीत बदला.

जुनं पान बंद करताना शेवटच्या नोंदीत कारण आणि नव्या पानाचा कोड लिहा, आणि नव्या वर्णनात जुन्याचा. आर्काइव्ह केलेलं पान लॉक केलं नसेल, तर त्यावर नोंदी करता येतात. ज्यांनी वाट खचण्यापूर्वी सही केली आणि लिहायचं राहिलं, ते अजूनही लिहू शकतात. ते पान वॉचलिस्टवर ठेवा, म्हणजे अशी नोंद आली की तारीख लॉगबुकातल्या सहीशी पडताळता येईल.