खुखरी मेमोरियलला गाडी दीड तास थांबली तो दिवस

टूर मॅनेजर म्हणून सौराष्ट्र करणाऱ्यांना माहितीये, दीव आलं की अर्धी बस वेगळ्याच कारणाने खूष असते, कारण गुजरातभर दारूबंदी. त्यामुळे खुखरी मेमोरियल म्हणजे वीस मिनिटं, फोटो, चला. काचेच्या घरात जहाजाचं मॉडेल, समोर समुद्र, मी आपलं नेहमीचं सांगत होतो, ९ डिसेंबर १९७१, युद्ध चालू, पाकिस्तानच्या हँगोर पाणबुडीने आपली खुखरी युद्धनौका बुडवली, तिच्या कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं आणि स्वतः जहाजाबरोबर गेले.

तर ग्रुपमधला एक आयटीवाला पोरगा म्हणाला, पण सर, जॅकेट दिलं ठीक आहे, पोहून निघायचं ना, कॅप्टन मेल्याने काय साधलं?

दोन-तीन जण त्याच्यावर धावूनच गेले. पण मागे एक काका होते, नेव्हीतून रिटायर, पूर्ण टूरभर गप्प बसलेले, ते म्हणाले, थांबा, बरोबर विचारतोय तो. मग त्यांनी पायरीवर बसून सगळं सांगितलं. दीवच्या बाजूला पाणबुडीचा सुगावा लागला म्हणून मुंबईहून शिकारीला निघायचं होतं, सोबतच्या कुठार जहाजाच्या बॉयलरची भानगड झाली म्हणून खुखरी आणि किरपाण ही दोनच जहाजं निघाली. खुखरीवर सोनारची, म्हणजे आवाजावरून पाण्याखालची पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राची, रेंज वाढवायचा प्रयोग चालू होता, त्यासाठी वेग कमी ठेवलेला, आणि पाणबुडीला संथ जहाज म्हणजे आयतं सावज. हँगोरचा पहिला टॉर्पेडो किरपाणवर सोडलेला, तो फुटलाच नाही. दुसरा खुखरीला लागला आणि काही मिनिटांत जहाज गेलं. १८ ऑफिसर, १७६ खलाशी. वाचले फक्त ६७.

"आता तुझं उत्तर," काका त्याला म्हणाले. "जॅकेट काढून देणं एका झटक्यात होतं रे. पण जमतील तेवढी माणसं बाहेर काढल्यावर हा माणूस परत ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या जागी गेला, अजून कुणाला काढता येतंय का बघायला. महावीर चक्राच्या सायटेशनमध्येच आहे. बुडत्या, कललेल्या जहाजावर वर चढत जायला पाय उचलावे लागतात, प्रत्येक पावलाला मागे फिरता येतं. आणि खाली मेसमध्ये पोरं अडकलेली, हे त्याला माहीत होतं."

पोरगा म्हणाला, तरी मला नाही पटत काका. काका म्हणाले, नको पटू दे. मला हे आवडलं, कारण आमच्याकडे शहिदांबद्दल प्रश्न विचारला की लगेच देशद्रोही.

मग काकांनी त्याच नावाची दुसरी, नंतरची खुखरी बघायचा हट्ट धरला, माझगाव डॉकला बांधलेली, १९८९ मध्ये मुल्लांच्या पत्नीच्या उपस्थितीत नेव्हीत आलेली, रिटायर झाल्यावर २०२२ साली दीवलाच दिली. तिथे गेल्यावर हे दोघे परत सोनारवरच, आणि ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न.

किल्ला पळत पळत दाखवला. फीडबॅक फॉर्मवर एका मावशींनी लिहिलं, फोर्टला वेळ कमी दिला. आता मी मेमोरियलला तासभर ठेवतो, अशी तक्रार अधूनमधून येतेच.