दवा, दवा

२००३ च्या उन्हाळ्यात मी बगदाद विमानतळाजवळच्या तळावर होतो. अमेरिकेतली केमिस्टची नोकरी बाजूला ठेवून इराक सर्व्हे ग्रुपमध्ये गेलो होतो. सद्दामची राजवट एप्रिलमध्येच कोसळली होती. आता आमच्या ग्रुपची, डेव्हिड के यांच्या हाताखालची १४०० च्या आसपास माणसं त्याची लपवलेली महासंहारक अस्त्रं शोधत होती.

त्या दिवशी फरात नदीकाठच्या एका खजुराच्या बागेत पुरलेली पिंपं सापडली. आधी पोचलेल्या तुकडीच्या हातातल्या यंत्राने नर्व्ह एजंट, म्हणजे मज्जासंस्था बंद पाडणारं युद्धातलं विष, दाखवला होता, आणि बातमी वरपर्यंत गेलीही होती. रबरी पोशाखात, मास्क लावून मी नमुने घेत होतो. बुटात घाम पचपचत होता.

बागेचा मालक, सत्तरीचा म्हातारा, हात बांधून भिंतीशी बसवलेला. सारखा "दवा, दवा" म्हणत होता. दुभाष्या म्हणाला, "औषध मागतोय. आजारी असेल."

मी यवतमाळचा. कपाशीवर फवारणी करायची तर आमच्याकडे 'औषध मारायचं' असंच म्हणतात. मी म्हटलं, "विचार त्याला, कशाचं औषध? झाडाचं का?" म्हाताऱ्याने बांधलेले हात उचलून खजुराच्या शेंड्याकडे दाखवलं.

तरी लगेच विश्वास ठेवणं शक्य नव्हतं. सारिन हा नर्व्ह एजंट आणि कितीतरी कीटकनाशकं एकाच ऑरगॅनोफॉस्फरस रसायनांच्या कुळातली, त्यामुळे हातातलं यंत्र फसतं. पण ऐंशीच्या दशकात याच देशाने मुथन्ना इथला विषारी वायूंचा कारखाना कीटकनाशकांच्या नावाखाली चालवला होता. इराकमधल्याच हलब्जा या कुर्दी गावात १९८८ साली माणसं मेली ती अशाच विषांनी. म्हाताऱ्याला सोडा, असं सांगायला माझी जीभ रेटेना. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

दोन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे रसायन नेमकं ओळखणाऱ्या यंत्राचा, निकाल आला. कीटकनाशकच होतं.

तोवर बुलडोझरने बाग उकरून झाली होती. अकरा झाडं आडवी. खजूर धरायला पाच-सहा वर्षं तरी जातात. सुटून आलेला म्हातारा उपटलेल्या बुंध्यांपाशी बसून कोंब चाचपत होता, जे जगतील ते ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवत होता.

पुढे २००४ च्या ऑक्टोबरमध्ये के यांच्या जागी आलेल्या चार्ल्स ड्युएल्फर यांचा अहवाल आला. रासायनिक अस्त्रांचा लपवलेला साठा इराकने १९९१ मध्येच नष्ट केला होता, असा त्याचा निष्कर्ष होता.

नुकसानभरपाईचा अर्ज मी स्वतः भरून दिला होता. झाडांच्या संख्येपुढे ११ लिहिलं, तर म्हाताऱ्याने दुभाष्याकरवी दुरुस्ती सांगितली : नऊ लिहा, दोन कदाचित जगतील.