अण्णांच्या हाताखालची पन्नास वर्षं

आम्ही मिरजेत सतारी-तानपुरे बनवतो, पण आमचं घराणं मूळचं सतारमेकरांचं नाही, हे आधी सांगून टाकतो. माझे वडील, अण्णा, गेल्यावर पेपरात जे छापून आलं त्यात आम्हाला सरसकट सतारमेकर गल्लीतलंच धरलं होतं. मिरजेत हा धंदा उभा केला तो शिकलगारांनी. तलवारी-भाले घडवणारी ही माणसं. इंग्रजी अंमलात हत्यारांचं काम बसलं, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी सतारी-तानपुऱ्याला हात घातला. पटवर्धन सरकारांच्या आश्रयानं गावात गाणं होतंच. धंदा उभा केल्याचा मान शिकलगारांचा, आणि अण्णा तो कायम त्यांनाच द्यायचे.

अण्णा सुताराचे. कवठेमहांकाळच्या बाजूचं दुष्काळी खेडं, नांगर-कुळवाची कामं, आणि पावसानं ओढ दिली की बलुत्याचं धान्यही नाही. पोरवयातच मिरजेला आले आणि गल्लीतल्या एका उस्तादांच्या ओट्यावर बसले. उस्तादांनी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. लाकूड तासायचा वाकस कसा धरतोस ते बघितलं आणि ठेवून घेतलं. पहिली काही वर्षं फक्त वाद्याच्या पोटाचे भोपळे. पाण्यात भिजवायचे, कापायचे, आतला गर खरवडायचा, आकार बसावा म्हणून आतून बांबूच्या काटक्यांचा ताण द्यायचा आणि सावलीत वाळवायचे. तार लावायला मिळाली ती फार पुढं. आजची पोरं दोन महिन्यांत जवारी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज उघडणं, शिकव म्हणतात, त्यांना मी हे सांगतो. त्यांना आवडत नाही, पण सांगतो.

उस्तादांचे पुतणे, आमचे चाचा, अण्णांचे भागीदार झाले. कागदावर कधी काही लिहिलं नाही. चाचांना भोपळा कळायचा. बेगमपूर, मंगळवेढा, पंढरपूरच्या बाजूला भीमाकाठी हे कडू भोपळे पिकतात. हंगाम झाला की चाचा तिकडं मुक्काम ठोकायचे. बोटाच्या पेरानं टिचकी मारायची, नखानं साल दाबायची, देठ हुंगायचा. शंभरातले ऐंशी बाजूला सारायचे. गायकी तानपुऱ्याला घेर मोठा लागतो, पण नुसता घेर बघून भोपळा घेणाऱ्यांनी या धंद्यात पैसा घालवलाय. सालीची जाडी सगळीकडं सारखी हवी. ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत त्या भागाची दैना झाली, तेव्हा चाचा असते तर त्यांना ते बघवलं नसतं.

चाचा भोपळ्याचे, तर अण्णा घोडीचे. भोपळ्यावरचं लाकडी झाकण, म्हणजे तबली, चिकटली, दांडी बसली, चपड्याचं पॉलिश झालं की वाद्य अण्णांच्या पुढ्यात यायचं. जुन्या काळी घोडी हस्तिदंताची नाहीतर सांबरशिंगाची असायची. कायद्यानं ते बंद झालं ते योग्यच झालं. पुढं उंटाचं हाड आलं. तार घोडीवर टेकते तो पृष्ठभाग वरून सपाट दिसतो, पण त्याला अगदी पुसटसा उतार असतो. तार त्या उतारावर घासटत कंप पावते, तेव्हा ती भरून बोलते. अण्णा बारीक कानस दोनदा फिरवायचे, भुकटी फुंकायचे, तार परत चढवायची, छेडायची, डोळे मिटायचे. परत तार उतरवायची. घोडी आणि तारेच्या मधे सुती दोरा सरकवायचा, केसभर पुढं, केसभर मागं. बरोबर जागी आला की आवाज उघडायचा. एकेका वाद्याला अख्खी दुपार जायची आणि तेवढ्या वेळात त्यांना कोणी चहाही विचारायचा नाही. ज्या गावात किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, स्वतः वाद्यं दुरुस्त करत बसले, आणि जिथं मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, त्या गावात बेसूर तानपुरा बाहेर पाठवायचा नाही, असं अण्णा म्हणायचे.

आता मुंबईच्या व्यापाऱ्याचं. नाव लिहीत नाही, आमच्या धंद्यातल्यांना न लिहिताही कळेल.

हा माणूस आधी एक-दोन नग न्यायचा, रोख द्यायचा. मग म्हणाला, परदेशात पाठवायचेत, मोठा लॉट करा. अण्णांनी पतसंस्थेचं कर्ज काढलं, आईच्या पाटल्या गहाण पडल्या, तूनचं लाकूड उधारीवर उचललं. ओट्यावर जागा पुरेना म्हणून शेजारच्या वाड्याची पडवी भाड्यानं घेतली. माल मे महिन्यात गेला. यानं तो अख्खा पावसाळा मुंबईच्या गोदामात, गवसणी न घालता, आडवा रचून ठेवला. दिवाळीनंतर पत्र आलं: तबल्या उचलल्या, सांधे सुटले, माल खराब, पैसे मिळणार नाहीत. लॉरी दारात आली तेव्हा मी शाळेतून येत होतो. सुतळीनं आवळलेली वाद्यं, पोत्यात गुंडाळलेली. चांगली होती ती त्यानं ठेवून घेतली होती, त्यांचेही पैसे दिले नाहीत. आणि परत आलेल्या कित्येक नगांच्या गळ्यावर त्याच्या पेढीच्या नावाची पितळी पट्टी स्क्रूनं ठोकलेली. पॉलिशच्या आरपार स्क्रू गेलेले. वाद्य आमचं, नाव त्याचं, आणि खराब झाल्यावर परत आमचं.

चाचा कोर्टात जाऊ म्हणत होते. अण्णा म्हणाले, "भाई, तारखा पडत राहतील, पोरांचे पगार कशातनं द्यायचे?" पोरं तरीही गेली, त्यांना दोष नाही. अण्णा दिवसा लोकांच्या घरांची दारं-खिडक्या करायला लागले. मिरजेतल्या किती चौकटी त्यांनी त्या काळात बसवल्या हे आज त्या घरातल्यांनाही माहीत नसेल. रात्री दोघं मिळून एकेक वाद्य उघडायचे, जुना सरस काढायचे, सांधा परत बसवायचे. पट्ट्या काढल्या, भोकं लाकडाच्या बारीक खुंटीनं बुजवली. त्यात तानपुऱ्याचा इलेक्ट्रॉनिक डबा बाजारात आला. बटण दाबलं की सुरू, ना भोपळा, ना जवारी. शाळा-क्लासांनी तानपुरे माळ्यावर टाकले. प्रवासाला डबा सोयीचा आहे हे मला मान्य आहे. पण त्याच्यावर गळा तयार करणाऱ्या विद्यार्थ्याला आपण काय देतोय याचा गुरूंनी विचार करायला हवा होता, तो फारसा कोणी केला नाही.

तेव्हा धारवाडच्या बाई धावून आल्या. गाणं शिकवायच्या, दरवर्षी जवारी काढायला अण्णांकडंच यायच्या. कोणीतरी त्यांना लॉटची हकीकत सांगितली. बाई आल्या, भिंतीला लावलेले सगळे तानपुरे एकामागून एक स्वतः लावले. एकाच्या खर्जातनं, म्हणजे सगळ्यात खालच्या षड्जाच्या तारेतनं, गंधार (ग) ऐकू यायला लागला. तार नीट लागली, जवारी नीट असली की षड्जाच्या पोटातून तो आपोआप येतो. बाई म्हणाल्या, "अण्णा, हा मोडलेला म्हणून परत पाठवला? मला द्या." पूर्ण किंमत दिली, एक पैसा कमी केला नाही. पुढं त्यांचे शिष्य आले, शिष्यांचे शिष्य आले. पतसंस्थेचं कर्ज त्या धारवाडकरांनी फेडलं असं मी म्हणतो, आणि बाईंच्या घरचं वाद्य आजही आमच्याकडं आलं की मजुरी लावत नाही.

त्यानंतरची वर्षं बरी गेली, काम येत राहिलं. चाचा गेले, त्यांचा मुलगा आमच्याबरोबर आहे.

लॉटच्या त्या प्रकारानंतर अण्णांनी एक रीत पाडली. तबली चिकटवायच्या आधी आतल्या अंगाला पेन्सिलीनं तारीख आणि त्या वाद्यावर हात लागलेल्या सगळ्यांची नावं लिहायची. भोपळा कोणी खरवडला, दांडी कोणी कोरली, झाडून घेणाऱ्या पोराचंसुद्धा नाव. मध्यंतरी एक सतार दुरुस्तीला आली. गळ्यावर एका मोठ्या शहरातल्या दुकानाचं नाव, गिऱ्हाईक म्हणे तिथल्याच कारागिरानं बनवलीय. तबली उघडली तर आत अण्णांचं अक्षर, खाली चाचांचं उर्दूतलं नाव, आणि शेवटी माझं. मी गिऱ्हाइकाला बोलावून दाखवलं. तो बिचारा गप्प बसला, पण त्याला कळायला हवं होतं.

2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांनी त्यासाठी खेटे घातले त्यांचे उपकार आहेत. गावाचं नाव आता कायद्यानं राखलं जाईल. पण कारागिराचं नाव अजूनही दुकानदाराच्या मर्जीवरच आहे.

अण्णांनी किती जणांना शिकवलं याची मोजदाद नाही. नव्वदी पार केल्यावर डोळ्यांनी साथ सोडली, तरी ओट्यावर येऊन बसायचे. पोरगा कानस फिरवत असला की नुसत्या आवाजावरून म्हणायचे, "डावीकडं जास्त घेतलंस." पोरगा तार छेडून बघायचा, तर तसंच असायचं. शिकवताना ओरडले नाहीत. मला मात्र ओरडायचे, कारण मी मुलगा होतो. शेवटच्या दुखण्यात बोलणं तुटक झालं, तेव्हाही विचारलं ते कोल्हापूरच्या एका मुलीच्या तानपुऱ्याबद्दल, गेला का म्हणून. गेला होता.

नव्यानं धंद्यात येणाऱ्यांनी अर्धी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय लाकडाला करवत लावू नये, समोरचा कितीही मोठा असो. करार लिहून घ्यावा, आणि माल पोचल्यावर तो कुठं, कसा ठेवायचा हेही त्यात लिहावं. गिऱ्हाइकांनी वाद्य उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये, एसीच्या झोताखाली ठेवू नये. प्रवासात तारा थोड्या उतरवाव्यात, पण पूर्ण सैल करू नयेत. घोडीला तेल लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. जवारीसाठी पाठवताना घोडी काढून वेगळी पाठवू नका, वाद्यासकट पाठवा. हाड एकटं बघून काही कळत नाही. पावसाळ्यात जवारी काढत नाही, दसऱ्यानंतर पाठवा.